जुन्या ट्रकची अडकलेली चावी: गोव्याच्या बाजारात मिळणारे उपाय आणि त्यांची लायकी

साखळी, डिचोली, उसगाव, कुडचडे या पट्ट्यातल्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात "चावी फिरत नाही" एवढंच म्हटलं, की काउंटरवर आधी स्प्रेचा डबा येतो आणि त्याच्या पाठोपाठ लोकल स्विच. दोन्हींचा खप दणदणीत. पण चावी न फिरण्याची कारणं निदान पाच आहेत आणि स्प्रे त्यातल्या एकावरच चालतो, तोही अर्धवट. म्हणून जुन्या टाटा ४०७, १२१०, १६१३ आणि त्याच वयाच्या लेलँड-आयशर गाड्यांसाठी इथे सहज मिळणारे उपाय एकेक करून तपासले आहेत: ओला स्प्रे, कोरडं वंगण, डुप्लिकेट चावी, चावीवाल्याकडची बॅरल (कुलपाचा चावी घालायचा फिरता गाभा) दुरुस्ती, नवा स्विच किंवा पूर्ण लॉक सेट, आणि चावीलाच रजा देऊन बसवलेलं बटण.

कौल आधीच सांगून टाकतो. चावी तपासा, बॅरल धुवा, कोरडं वंगण द्या. तरी सुटलं नाही तर बॅरल बाहेर काढून दुरुस्ती, नाहीतर पूर्ण सेट. एकट्या स्प्रेला पाचपैकी दोन. बटणाला शून्य.

गोव्यातच हा त्रास एवढा का

इग्निशनचा बॅरल बहुतेक गाड्यांत जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. त्यात पितळेच्या पातळ पत्त्या आणि त्यांच्यामागे केसासारख्या स्प्रिंगा. योग्य चावी आत गेली की सगळ्या पत्त्या बॅरलच्या कडेला समतल येतात आणि बॅरल फिरतो. एक पत्ती जरी वर-खाली राहिली तरी तो जागचा हलत नाही. आता यात खाणपट्ट्यातली लाल धूळ घाला. ती म्हणजे आयर्न ऑक्साइड, पितळेहून कितीतरी कठीण. धातू झळकवायला वापरतात ती लाल रूज पावडर हेच रसायन. म्हणजे प्रत्येक वेळी चावी घालताना आणि काढताना पत्त्यांना पॉलिश होत असतं, आणि पॉलिश म्हणजे झीज. वास्को आणि किनारपट्टीच्या बाजूला धुळीबरोबर खारी हवा येते, मग जस्त पांढरं फुटतं. वर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस.

त्यात गाड्या उभ्या राहण्याचा इतिहास आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात, काजूच्या झाडाखाली, कौलारू शेडमध्ये पावसाळ्यांमागून पावसाळे उभे राहिले. उभ्या गाडीचा बॅरल चालत्या गाडीच्या बॅरलपेक्षा वाईट अडकतो, कारण पत्त्या हलतच नाहीत. अशी गाडी पुन्हा काढताना लोक बॅटरी, टायर, डिझेलची टाकी सगळं बघतात. कुलपाची आठवण चावी हातात वाकली की येते.

खरेदीच्या आधीचं काम

पैसे खर्च करण्याआधी चावी नेमकी कुठे अडते ते ठरवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, आणि बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. उभी असलेली गाडी असेल तर हे चारही हवेतच. बॅरल अचानक सुटून एकदम सेल्फपर्यंत (इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरच्या टप्प्यापर्यंत) फिरला आणि गाडी गिअरमध्ये असली, तर ती पुढे उडी मारते.

पहिली शंका स्टेअरिंग लॉकवर घ्या. मोठ्या जुन्या ट्रकांत डॅशबोर्डवर साधा स्विच असतो, त्यांना हा मुद्दा लागू नाही. पण कॉलमवर (स्टेअरिंगच्या दांड्यावर) कुलूप असलेल्या गाडीत चाकं वळलेल्या स्थितीत उभी केली, की स्टेअरिंगचा सगळा दाब आतल्या खिळीवर येतो आणि चावी दगडासारखी घट्ट होते. एका हाताने स्टेअरिंग ज्या बाजूला किंचित हलतं त्या बाजूला दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवा. सुटलं तर एक पैसाही खर्च न होता काम झालं. पॉवर नसलेल्या जड स्टेअरिंगला थोडा जोर लावावा लागतो. तो जोर स्टेअरिंगवर लावा. चावीला अंगठा आणि एका बोटापेक्षा जास्त ताकद कधीच नको.

दुसरी तपासणी फुकटची आहे आणि फारसं कोणी करत नाही. चावी आत घालून बाहेर काढा आणि पांढऱ्या कागदावर पुसा. लाल डाग पडला तर खाणीची धूळ, धुऊन सुटण्याची शक्यता भरपूर. पांढरी भुकटी आली तर जस्त गंजतंय, बॅरलचे दिवस मोजके. काळा चिकट लेप म्हणजे आधी कोणीतरी तेल किंवा ग्रीस ओतलंय. पिवळे चमकते कण दिसले तर पत्त्या किंवा चावी झिजतेय, आणि तिथे कुठलाही स्प्रे काहीही करू शकत नाही.

तिसरी तपासणी दुसऱ्या चावीने. गाडीबरोबर आलेली मूळ स्पेअर चावी कपाटात असेल तर ती आणून लावा. तिने कुलूप लोण्यासारखं फिरलं तर दोष चावीचा, बॅरलचा नाही. दोन चाव्या पाठीला पाठ लावून उजेडात धरा. खाचांच्या उंचीत फरक डोळ्याला दिसला, तर तो पुरेसा आहे. पत्त्यांच्या दोन पायऱ्यांमधलं अंतरच साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या घरात असतं, त्यामुळे पाव मिलिमीटरची झीजही चावीला "दुसऱ्याच गाडीची" करून टाकते.

आणि चावी छान फिरते पण डॅशबोर्डवर दिवा नाही, सेल्फ नाही, तर तो कुलपाचा दोष नव्हेच. तो मागच्या विजेच्या स्विचचा आहे. त्याचं पुढे बघू.

ओला स्प्रे: ५ पैकी २

डब्ल्यूडी-४० असो की त्याच्या जातीचा दुसरा कुठला डबा, त्याचं मूळ काम पाणी हटवणं. अमेरिकेत १९५३ साली तो बनवला तोच पाणी दूर सारण्यासाठी, आणि नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. पावसात भिजलेल्या बॅरलमधलं पाणी तो बाहेर काढतो, जुनं चिकट तेल सैल करतो, हे खरं. म्हणून दोन गुण. मात्र उडून गेल्यावर तो तेलाचा पातळ थर मागे ठेवतो आणि त्या थरावर लाल धूळ आनंदाने बसते. फवारल्यावर दहा मिनिटांत चावी फिरते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पंधरा-वीस दिवस खाणीच्या रस्त्यावर गाडी चालली की आत पेस्ट तयार. मग पुन्हा फवारा. हे चक्र जितकं लांबेल तितकं बॅरल धुणं अवघड होतं. घ्यायचाच असेल तर धुण्यासाठी घ्या, वंगण म्हणून नको.

याच रांगेत घरगुती उपायही येतात. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल: तिघांनाही शून्य, कारण तिघंही धूळ धरतात. पेट्रोल डॅशबोर्डच्या आत ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण. खोबरेल तेल आपल्याकडे हाताशी असतं म्हणून हमखास घातलं जातं. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि सत्तरी तालुक्यातल्या डिसेंबरच्या पहाटे पारा त्याच्याही खाली असतो. पहाटे चार वाजता खेपेला निघणाऱ्याची चावी नेमकी तेव्हाच का अडते, ते यावरून समजावं.

धुणं आणि कोरडं वंगण: ५ पैकी साडेचार

इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर आणि पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) ड्राय स्प्रे, असे दोन डबे. किंमत काही शे रुपये, एका डब्यात पंधरा-वीस गाड्या सहज होतात. दोन-तीन ट्रकवाल्यांनी मिळून घेतले तरी चालतील. पद्धत मात्र नीट पाळा.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. डॅशबोर्डवरच्या देवासमोरची उदबत्ती विझवा, क्लीनर पेट घेतो. दरवाजे उघडे ठेवा. स्प्रेची बारीक नळी चावीच्या भोकात घालून एकेक सेकंदाचे दोन-तीन फवारे मारा आणि खाली फडकं धरा. लाल पाणी बाहेर येईल. चावी घाला, काढा, पुसा. हे दहा-पंधरा वेळा, दर वेळी पुसूनच, कारण न पुसलेली चावी तीच घाण परत आत नेते. या टप्प्यात चावी फिरवू नका, फक्त आत-बाहेर. फडक्यावरचा डाग फिका होईपर्यंत सगळं दोनदा-तीनदा. एखादी पत्ती खालीच चिकटून राहिली असेल, तर चावी आत ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने बॅरलच्या तोंडावर हलक्या टिचक्या द्या. टिचक्या म्हणजे टिचक्याच, हातोडा नव्हे.

मग वाळू द्या. उन्हाळ्यात वीस मिनिटं पुरतात, जुलैत तासभर तरी ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह होतो. त्या टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं आणि ते थेट बॅरलमध्ये जातं. आधी टाकीचा खालचा कॉक सोडून पाणी काढलं असेल तरच ती हवा घ्या.

पूर्ण कोरडं झाल्यावर पीटीएफईचा एकच छोटा फवारा, चावी पाच-सहा वेळा आत-बाहेर, मग हळूच फिरवून बघा.

ग्राफाइट पावडर हा जुना आणि स्वस्त पर्याय. कुलपांसाठी ती वाईट नाही आणि फोंडा-डिचोलीच्या कोरड्या धुळीत काम करते. घ्यायची तर चिमूटभरच, चावीच्या खाचांवर लावून आत सारायची. पण वास्को, मडगाव, किनाऱ्यालगतच्या गाड्यांना आम्ही ती सुचवणार नाही. ग्राफाइट वीज वाहतं, आणि खाऱ्या ओलाव्यात जस्ताशी त्याची जोडी जमली की जस्त लवकर खाल्लं जातं. शिवाय भुकटी जास्त झाली तर मागच्या कॉन्टॅक्टपर्यंत झिरपते. आधीच तेल असलेल्या बॅरलमध्ये ग्राफाइट घातलं तर काळा चिखल होतो. तो काढायला बॅरल उघडण्याशिवाय गत्यंतर नाही.

डुप्लिकेट चावी: कशी कापली त्यावर सगळं

म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा, प्रत्येक बाजारात चावीवाले बसतात आणि दहा मिनिटांत चावी देतात. झिजलेली चावी मशीनमध्ये लावून तिची नक्कल काढली, तर झीजही नकलेत उतरते, वर मशीनची थोडी चूक मिळते. अशा चावीला एक गुण. नंबरावरून किंवा बॅरलच्या पत्त्या वाचून कापलेल्या चावीला चार. नंबर मूळ चावीच्या डोक्यावर, सेटबरोबर आलेल्या टॅगवर किंवा बॅरलच्या अंगावर कोरलेला असू शकतो. तो आजच वहीत लिहून ठेवा, पण चावीच्या जुडग्याला अडकवू नका.

चावीवाल्याला मूळ स्पेअर चावी द्या, रोजची देऊ नका. ब्लँक (न कापलेली कोरी चावी) जाड पितळेचा मागा. पातळ ब्लँक आत डुलतो आणि पत्त्या तिरक्या उचलतो. नव्या चावीच्या कडांवर बोट फिरवा. कुसळ लागलं तर बारीक कानशीने किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त ते कुसळ काढा. खाचांना हात लावायचा नाही.

जुडग्याचं वजन हा वेगळाच विषय. ट्रकच्या चावीला टूल बॉक्सची चावी, डिझेल टाकीची चावी, घराची चावी, पितळी घंटा आणि देवाचं पदक. खाणीच्या रस्त्यावर हे सगळं दिवसभर बॅरलला खाली ओढत हलत राहतं आणि भोक अंडाकृती होतं. इग्निशनची चावी एकटी ठेवा.

चावी आत तुटली तर दुकानात जे फेव्हिक्विक लगेच पुढे केलं जातं ते नको. पत्त्या कायमच्या चिकटतात. बॅरल चावी घालण्या-काढण्याच्या मूळ जागी आहे ना ते आधी बघा, तसं नसेल तर तुकडा कधीच येणार नाही. थोडा क्लीनर मारा, फ्रेट सॉचं सर्वात पातळ पातं दात बाहेरच्या बाजूला झुकतील असं चावीच्या खाचेवरून सारा आणि ओढा. चावीवाला हे काम दोन मिनिटांत करतो. तुकडा जपून ठेवा, जुळवून नवी चावी कापता येते.

चावीवाल्याकडून बॅरल दुरुस्ती: चांगला हात असेल तर ४, नाहीतर शून्य

मूळ कंपनीचा बॅरल असेल आणि पांढरी भुकटी नसेल तर हा सर्वात मोलाचा उपाय. जुना कंपनी बॅरल आजच्या लोकल सेटपेक्षा धातूने भारी असतो, तो टाकून देणं जिवावर यावं. चांगला कारागीर बॅरल टेबलावर घेऊन पत्त्या क्रमाने मांडतो, झिजलेल्या तेवढ्या बदलतो, स्प्रिंगा नव्या घालतो आणि बॅरलचं घर धुतो. तासाभराचं काम.

वाईट कारागीर बॅरल गाडीतच ठेवून वर आलेल्या पत्त्या कानशीने घासून सपाट करतो. चावी मग फारच सुंदर फिरते. शेजारच्या ट्रकची चावीही तितकीच सुंदर फिरते. म्हणून दुरुस्तीनंतर पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा. त्याच कंपनीची दुसरी कुठली चावी लावून बघा, फिरता कामा नये. आणि चावी ऑन स्थितीत बाहेर ओढून बघा, येता कामा नये. बदललेल्या जुन्या पत्त्या परत मागा. द्यायला पत्त्याच नसतील तर काय झालं ते कळलं.

ही दुसरी तपासणी स्टेअरिंग लॉकवाल्या गाडीत फार महत्त्वाची आहे. बॅरल इतका झिजला की चावी चालत्या गाडीत गळून पडते, तर स्टेअरिंगची खिळी बाहेर येण्याचा धोका असतो. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या वळणावर हे झालं तर काय होईल, त्याचा विस्तार नको. असा बॅरल त्याच दिवशी बदला. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून चावी फिरवण्याची सवय असणाऱ्यांना हेच दुप्पट लागू, कारण इंजिन थांबलं की एअर ब्रेकचा कॉम्प्रेसरही थांबतो आणि टाकीतली हवा काही दाबांपुरतीच असते.

नवा स्विच की पूर्ण सेट

इथे पैसे सर्वात जास्त जातात आणि फसवणूकही. तीन प्रकार मिळतात. नुसता मागचा विजेचा स्विच. बॅरल आणि स्विच एकत्र, स्वतःच्या दोन चाव्यांसह. आणि पूर्ण लॉक सेट, ज्यात सहसा दरवाजांची कुलपं आणि डिझेल टाकीचं झाकणही एकाच चावीचं असतं.

चावी फिरते पण वीज नाही, तर बहुतेक वेळा पहिला प्रकार पुरतो. आधी खात्री करा. स्विचच्या मागे बॉश पद्धतीचे आकडे असतील तर ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी कायमची वीज, १५ म्हणजे चावी ऑन केल्यावरची, ५० म्हणजे सेल्फची. काही स्विचवर आकड्यांऐवजी अक्षरं असतात. टेस्ट लॅम्पचं एक टोक चांगल्या अर्थला (गाडीच्या उघड्या धातूला) लावून ३० वर दिवा लागतो का ते बघा. तिथेच नसेल तर दोष फ्यूज किंवा वायरिंगमध्ये आहे, स्विच विकत घेऊन उपयोग नाही. ३० वर आहे आणि चावी ऑन करूनही १५ वर नाही, तर स्विच गेला. सेल्फ अशक्त फिरत असेल किंवा नुसता टक्-टक् वाजत असेल, तर मल्टिमीटर ३० आणि ५० यांच्यामध्ये लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत.

ते जळतात का, तर सेल्फच्या सोलेनॉइडचा (सेल्फला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा) ओढा मोठा असतो आणि काही जुन्या गाड्यांत तो थेट चावीच्या स्विचमधून जातो. नव्या स्विचबरोबर सेल्फचा रिले बसवून घ्या. चावी मग फक्त रिलेची नाजूक कॉइल चालवते आणि जड करंट रिलेतून जातो. रिले गाडीच्या व्होल्टचाच हवा, १२ की २४ ते बॅटऱ्यांची जोडणी बघून ठरवा, आणि अँपिअर सोलेनॉइडच्या गरजेपेक्षा मोठे. या सगळ्या यादीत सर्वात कमी पैशांत सर्वात जास्त फायदा देणारी वस्तू हीच. पाच गुण.

बॅरलही गेला असेल तर दुसरा की तिसरा प्रकार हा सोयीचा प्रश्न. इग्निशनला एक, दरवाजाला एक आणि टाकीला एक अशा तीन चाव्या सांभाळायची तयारी असेल तर दुसरा पुरे. लोकल मालाची किंमत शेकड्यांत असते, कंपनीच्या पूर्ण सेटची त्याच्या कितीतरी पट. लोकल मालात बॅरल अनेकदा ठीक निघतो. मार खातं ते दोन ठिकाणी: सेल्फवरून चावी परत आणणारी स्प्रिंग, आणि मागची प्लास्टिकची कॉन्टॅक्ट प्लेट. म्हणून काउंटरवरच चावी सेल्फपर्यंत फिरवून सोडा, वीस वेळा. दर वेळी ती फटकन ऑनवर यायलाच हवी. एकदा जरी रेंगाळली तरी तो नग परत द्या. दोन्ही चाव्या लावून बघा, एक घट्ट आणि एक सैल असा प्रकार नेहमीचा आहे. पाकिटावर एमआरपी, पार्ट नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष नसेल, तर छापील नाव काहीही असो, तो माल लोकलच समजून भाव करा.

जुना स्विच काढून हातात घेऊनच दुकानात जा. एकाच मॉडेलच्या गाड्यांत वर्षानुसार कनेक्टर बदललेला असतो. पिना किती, त्या चपट्या की स्क्रूच्या, बसवायच्या भोकाचा व्यास, चावीच्या टप्प्यांची संख्या, हे चारही जुळले पाहिजेत. नाहीतर मेस्त्री वायरी कापून टेप मारतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जोडातून धूर येतो.

बसवणं कठीण नाही. डॅशबोर्डवरच्या स्विचला पुढून एक चकती किंवा नट असतो, तो सोडून स्विच मागून काढायचा. वायरी सोडण्याआधी मोबाईलवर दोन बाजूंनी फोटो, आणि प्रत्येक वायरीला टेपचा तुकडा लावून आकडा. कॉलमवरच्या कुलपाला मात्र डोकं तुटणारे बोल्ट असतात, ते पाना लावून सुटत नाहीत. छिन्नी, संयम आणि जाणता फिटर लागतो, आणि नवे बोल्टही सेटबरोबर घ्यायचे. त्यांच्या जागी साधे बोल्ट मारून मोकळं होण्याची पद्धत आहे. तसं केलं तर कुलूप नावापुरतं उरतं.

बदललेल्या जुन्या चाव्या टाकू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळ चाव्यांचा जोड मागते. नव्या सेटचं बिल आणि जुन्या चाव्या एकाच पाकिटात कागदपत्रांबरोबर ठेवा.

चावी काढून बटण: ५ पैकी ०

स्विच महाग वाटला की गॅरेजवाला एक टॉगल आणि एक पुश बटण बसवून देतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला हे चालतंही, कारण एकदा सुरू झाल्यावर त्याला विजेची गरज नसते. अशा इंजिनात चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, स्टॉपची केबल ओढावी लागते. पण टॉगल ऑन राहिला की रात्रभर बॅटरी उतरते, बटणाच्या वायरीला फ्यूज बहुधा नसतो, आणि ट्रक कोणीही घेऊन जाऊ शकतं. कॉलमवर कुलूप असेल तर त्याची खिळी तोडून हे केलं जातं आणि तुटलेला तुकडा आतच राहतो. फक्त चिऱ्यांच्या खाणीच्या आवारात फिरणाऱ्या, रस्त्यावर न येणाऱ्या गाडीला हे एखादा आठवडा खपेल. आठ वर्षांवरच्या ट्रकला दरवर्षी फिटनेसला न्यावंच लागतं, तिथे लोंबणाऱ्या वायरी घेऊन उभं राहायचं असेल तर तुमची मर्जी.

सेल्फ सुटत नसेल तर

हे एकच प्रकरण असं, की दुकान उघडण्याची वाट बघता येत नाही. इंजिन सुरू झालं, चावी सोडली, तरी सेल्फ घरघरतच राहिला, तर चावीशी झटापट करत बसू नका. स्टॉपची केबल ओढा आणि बॅटरीचा मेन स्विच बंद करा. मेन स्विच नसेल तर निगेटिव्हचा टर्मिनल सोडा, ठिणगी उडेल, चेहरा लांब ठेवा. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांसाठीच बनवलेला असतो, मिनिटभरात त्याची वायंडिंग जळते आणि बॅटरीच्या केबलचं इन्सुलेशन वितळायला लागतं. दोष बहुतेक वेळा चावीच्या स्प्रिंगचा, नाहीतर रिले किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटल्याचा. कोणाचा ते ओळखण्यासाठी बॅटरी जोडण्याआधी ५० ची वायर स्विचपासून काढा. मग टर्मिनल नुसता टेकवून बघा. सेल्फ फिरला तर स्विच निर्दोष, पुढचं तपासा. नाही फिरला तर स्विच बदला. मेन स्विच नसलेल्या जुन्या ट्रकला तो बसवून घ्यायला हीच वेळ योग्य, खर्च लॉक सेटपेक्षा कमीच येतो.

नवा सेट बसल्यावर कॉलमचं कव्हर लावायची घाई करू नका. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून वायरी कुठे चिमटत नाहीत ना ते बघा. सेल्फ दहा वेळा मारा, मधे थोडा दम देत, आणि प्रत्येक वेळी स्विचच्या पाठीला हात लावा. गरम लागला तर कनेक्टर सैल आहे. तो घट्ट करून मगच स्क्रू आवळा.